रविवारच्या क्लब क्रिकेटची मेंबरशिप – दोन सीझन खेळून मग लिहिलेला रिव्ह्यू

पहिल्याच महिन्यात लिहिणार होतो पण मुद्दाम थांबलो. नव्या क्लबमध्ये पहिला महिना सगळंच छान वाटतं, खरं काय ते कळतं सीझनच्या मध्यावर, जेव्हा टीम लागोपाठ चार मॅच हरलेली असते आणि कोणीतरी म्हणायला लागतं की आता जरा चांगल्या लोकांनाच खेळवू. त्या वेळी क्लब कसा वागतो ते बघायचं होतं. आता दोन सीझन झाले, तसे दोन पडते काळही बघून झाले, म्हणून लिहितोय. क्लबचं नाव टाकत नाही, कारण मला लिहायचंय ते त्यांच्या नियमांबद्दल आणि ते नियम कुठलाही क्लब उचलू शकतो.

आधी माझं सांगतो म्हणजे कुठल्या नजरेने लिहितोय ते कळेल. वय ४६. कॉलेज संपलं तसं खेळणं सुटलं, मग चौदा वर्षं बॅटला हात लावला नाही. परत सुरू केलं ते दुसऱ्या एका क्लबात, तिथे एक पूर्ण सीझन काढला. आठ मॅचमध्ये मिळून मी ११ बॉल खेळलो आणि एकही ओव्हर टाकली नाही, बाकी सगळा वेळ बाउंड्रीवर उभा. तिथे कोणी वाईट वागलं असं नाही, फक्त त्यांना जिंकायचं होतं आणि जिंकायच्या हिशोबात मी बसत नव्हतो. पण आठवडाभर वाट बघून, सकाळी लवकर उठून, किट भरून जायचं आणि संध्याकाळी घामसुद्धा न आलेले पॅड परत आणायचे, हे आठ वेळा केल्यावर माणूस नवव्यांदा जात नाही. माझ्याबरोबर त्या सीझनला चार जण नवीन आले होते, चौघंही गेले, आणि त्यातला एक जण तर खरंच सुंदर लेगस्पिन टाकायचा, अजून वाईट वाटतं.

या क्लबात पहिल्या दिवशी कॅप्टनने हातात दोन पानं दिली. वर लिहिलेलं, 'आपण असं खेळतो'. खाली पहिलीच ओळ, की या पानांवर जे नाही त्यासाठी एमसीसीचे, म्हणजे क्रिकेटचे नियम लिहिणाऱ्या लंडनच्या क्लबचे, नियम लागू. मग यांचे स्वतःचे. मॅच तीस ओव्हरची. एका बोलरला जास्तीत जास्त चार ओव्हर. आता साधा हिशोब करा, सात बोलर झाले तरी २८ च ओव्हर होतात, म्हणजे आठव्याच्या हातात बॉल द्यावाच लागतो, कॅप्टनची इच्छा असो नसो. बॅटिंगला ४० रन झाले की रिटायर, बाकीचे आउट झाले तरच परत यायचं. आणि मला सगळ्यात आवडलेला नियम म्हणजे या रविवारी जे खालचे पाच खेळले ते पुढच्या रविवारी वरचे पाच. कागदावर साधं दिसतं हो, पण याचा अर्थ असा की अकरा नंबरला खेळणाऱ्या माणसाला शनिवारी रात्री माहीत असतं की उद्या आपण नव्या बॉलसमोर उभे राहणार आहोत, आणि तो माणूस त्या आठवड्यात नेट चुकवत नाही. आमच्याकडे नेटला गर्दी आहे ती या एका नियमामुळे, असं माझं ठाम मत आहे.

चार मॅच हरल्यावर काय झालं ते सांगतो. मीटिंग झाली, दोघांनी खरंच मागणी केली की हा उलटा-सुलटा क्रम निदान लीगच्या मॅचपुरता बाजूला ठेवा. कॅप्टनने नाही म्हटलं, शांतपणे, आवाज न चढवता. ते दोघंही चांगले प्लेयर होते, सीझन संपल्यावर दुसरीकडे गेले. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांना वरच्या डिव्हिजनला खेळायचं होतं आणि त्यासाठी हा क्लब नाहीच. तुमचंही तेच ध्येय असेल तर इथे पैसे भरू नका, हे स्पष्टच सांगतो.

आता नियम कुठे सैल करायचे आणि कुठे नाही, यात या लोकांची खरी समज दिसते. पॉपिंग क्रीजच्या, म्हणजे बॅट्समनसमोरच्या रेघेच्या आधी बॉलचे एकापेक्षा जास्त टप्पे पडले तर एमसीसीच्या २०१७ च्या कोडपासून (नियमांच्या आवृत्तीपासून) तो नो बॉल आहे, आधी दोन टप्पे चालायचे. आमच्याकडे पहिल्या सीझनच्या बोलरला अजून दोन टप्पे चालतात. का, तर नवीन मुलगा किंवा चाळिशीत पहिल्यांदा बोलिंग करणारी बाई, त्यांचा बॉल सुरुवातीला तिथपर्यंत पोचतच नाही, आणि प्रत्येक बॉलला नो बॉल ऐकलं तर ते माणूस परत बॉल मागत नाही. तसंच ओव्हर जास्तीत जास्त आठ बॉलला संपते, मग कितीही वाइड जाऊ देत, फक्त शेवटची ओव्हर पूर्ण टाकायची. हे सैल.

पण एलबीडब्ल्यू, म्हणजे स्टंपवर जाणारा बॉल पॅडवर अडला तर आउट, हा नियम ठेवलाय. बरेच हौशी क्लब तो काढून टाकतात, की आपलेच लोक अंपायर, उगाच भांडणं नकोत. मला ते पटत नाही, एलबीडब्ल्यू काढला की सरळ बॉल पॅडने अडवायची सवय लागते आणि स्टंपात टाकणाऱ्या बोलरच्या हातात काहीच राहत नाही. इथे त्याऐवजी सीझनच्या आधी दोन तास अंपायरिंग शिकवतात, सगळ्यांना, सक्तीने. लेग स्टंपच्या बाहेर टप्पा पडला का, पडला असेल तर विषय संपला. बॅटच्या आधी पॅडला लागला का. शॉट खेळत असताना ऑफ स्टंपच्या बाहेर लागला का, तर नॉट आउट. आणि या सगळ्यातून पार झाला तर मग बॉल स्टंपला लागला असता का. या क्रमाने विचार करायचा आणि शंका असेल तर बोट खालीच. आणि अपील नसेल तर काहीच द्यायचं नाही, बॅटची कड लागलेली स्पष्ट ऐकू आली तरीसुद्धा. मी आयुष्यभर क्रिकेट बघितलं पण पांढरा कोट घालून दहा ओव्हर उभा राहिलो तेव्हा कळलं की स्विंग म्हणजे काय. हा मेंबरशिपमध्ये न लिहिलेला फायदा आहे.

आणि वाद अजिबात चालत नाहीत. एमसीसीने २०१७ ला खेळाडूंच्या वागणुकीचा नियम ४२ आणला, त्यात अंपायरला पाच पेनल्टी रन देण्यापासून ते खेळाडूला मैदानाबाहेर पाठवण्यापर्यंतचे अधिकार आहेत. आमच्याकडे दोन सीझनमध्ये पाच रन एकदाच गेले, आमच्याच विरुद्ध, आमच्याच माणसाने अंपायर असताना दिले. त्यानंतर कोणी अंपायरकडे हात पसरून बघितलेलं मला आठवत नाही.

एक प्रसंग सविस्तर सांगायचाय. आमचे ओपनर, वय ५८, सगळे त्यांना दादा म्हणतात. १९ रनवर खेळताना पोटरी धरली. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये २०११ पासून रनर, म्हणजे दुखापत झालेल्या बॅट्समनच्या वतीने पळणारा, बंद आहे, त्यामुळे हल्लीच्या मुलांना वाटतं रनर हा प्रकारच संपला, पण एमसीसीच्या नियमात, नियम २५ मध्ये, तो अजून आहे आणि आमच्या वयाच्या लोकांसाठी तर तो फारच मोलाचा आहे. मी आउट होऊन बसलो होतो म्हणून मीच गेलो. रनरने बॅट्समनसारखंच सगळं घालायचं असतं, तर पॅड, ग्लोव्ह्ज, हेल्मेट, हातात बॅट, आणि स्क्वेअर लेगच्या बाजूला उभा. दादांनी बॉल कव्हरला ढकलला, स्वतःच जोरात 'यस' ओरडले आणि सवयीने चार पावलं पळालेसुद्धा, पोटरीचं भानच नाही. मी माझी रन पूर्ण केली, समोरचा पार्टनरही कीपरच्या टोकाला पोचला, थ्रो आला, कीपरने बेल्स उडवल्या आणि ओरडला. सगळे एकमेकांकडे बघतायत. स्क्वेअर लेगला अंपायर आमचीच सतरा वर्षांची ऑफस्पिनर होती. तिने एक क्षण विचार केला आणि बोट वर केलं. बरोबरच होतं, कारण रनर घेतलेला स्ट्रायकर स्वतः क्रीजबाहेर असला आणि कीपरच्या टोकाचे स्टंप पाडले, तर रनर आणि पार्टनर कुठेही असोत, तो आउट. दादा लंगडत तिच्याजवळून गेले आणि म्हणाले, "बरोबर दिलंस गं, मीच विसरलो." ती मॅच आम्ही सहा रनने हरलो. पुढच्या रविवारी दादा पट्टी बांधून आले आणि खेळता येत नव्हतं म्हणून पूर्ण तीस ओव्हर अंपायर म्हणून उभे राहिले.

आता स्कोअरर काका. वय ७३, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, खेळणं केव्हाच थांबलंय. क्लबात स्कोअरिंगचं ॲप आहे, मोबाइलवर एक मुलगा ते भरतो, पण काकांची वही वेगळी चालते, प्रत्येक बोलरला वेगळ्या रंगाचं पेन, आणि बॅट्समनच्या ओळीत प्रत्येक रन त्या त्या बोलरच्या रंगाने. मॅच संपल्यावर वहीचं पान बघितलं की कोणी कोणाला धुतलं ते लांबूनच दिसतं. मी स्ट्राइकवर असताना हिरवे ठिपके, म्हणजे ऑफस्पिनरचे रन न निघालेले बॉल, किती सलग होते ते बघून मला माझा ऑफस्पिनसमोरचा प्रॉब्लेम कळला, ॲपने नाही सांगितला. अंपायरने वाइडचा इशारा केला की काका हात वर करतात आणि तो वर होईपर्यंत पुढचा बॉल टाकायचा नाही, हेही नियमातच आहे, पण इथे येईपर्यंत मी ते कुठे पाळलेलं बघितलं नव्हतं. त्यांच्या पेटीत २००० सालच्या कोडची प्रत आहे आणि नवीनही. २०२२ पासून कॅच गेला की बॅट्समननी एकमेकांना क्रॉस केलं असलं तरी नवा माणूस स्ट्राइकच घेतो, ओव्हर संपली असेल तेवढाच अपवाद. यावर आमच्याकडे अजून दर महिन्याला एक जण हटकून वाद घालतो आणि काका न बोलता पान उघडून पुढे करतात.

इंग्लंडचा विल्फ्रेड ऱ्होड्स ५२ व्या वर्षी शेवटची कसोटी खेळला, भारताचे पहिले कसोटी कॅप्टन सी. के. नायडू साठी ओलांडूनही रणजी खेळले, हे लहानपणी वाचलं होतं तेव्हा ती माणसं वेगळ्याच मातीची वाटायची. होतीच. पण काकांकडे बघून मला असं वाटायला लागलंय की हा खेळ आयुष्यभर पुरतो, फक्त क्लबात पुढची जागा ठेवलेली पाहिजे. फास्ट टाकता येईना तर स्पिन, पळता येईना तर स्लिप, वाकता येईना तर अंपायर, उभं राहता येईना तर वही. इथे त्या सगळ्या जागा खरंच मानाच्या आहेत, टीमच्या फोटोत काका मधोमध असतात.

तक्रारीही आहेत. वॉर्मअपच्या नावाने पूर्ण बोंब आहे, चाळिशीपुढचे नऊ जण थेट मैदानात उतरतात आणि मग पोटऱ्या धरतात, दहा मिनिटं कोणीतरी घ्यायला काय हरकत आहे. नेट दीड तास आणि वीस माणसं, दोन नेट असली तरी वाट्याला नऊ मिनिटं बॅटिंग येते, त्यातही पॅड बांधण्यात वेळ जातो. टीम शुक्रवारी रात्री उशिरा कळते, घरी विचारून यावं लागणाऱ्या माणसाला ते अवघड जातं. सामाईक किटमध्ये हेल्मेट एकाच साइझची, ती लहान मुलांच्या डोक्यावर फिरते, आणि हे मी दोनदा लेखी दिलंय कारण यात थांबण्यासारखं काही नाही. आणि बॉल. पुरुषांचा बॉल साधारण १५६ ते १६३ ग्रॅमचा, महिलांचा १४० ते १५१, तेरा वर्षांखालच्यांचा त्याहून हलका, १३३ ते १४४, घेरही कमी. आमच्या नेटमध्ये सगळ्यांना एकच जड बॉल. मिक्स टीमच्या मॅचला एकच बॉल ठेवावा लागतो हे समजतं, पण सरावाला बारा वर्षांच्या मुलीच्या हातात तो देऊन सीम धर म्हणून सांगणं बरोबर नाही, तिच्या बोटांत तो मावतच नाही.

माणसं कमी पडली तरी मॅच होते हे मात्र छान. दोन्ही कॅप्टनची संमती असेल तर अकरापेक्षा कमी किंवा जास्त खेळाडूंची टीम चालते, फिल्डिंगला एका वेळी अकराच. एकदा आम्ही नऊ आणि ते तेरा होते, तेराही जणांनी बॅटिंग केली, मॅच झाली.

पाचातले साडेचार. जॉइन करायच्या आधी कुठल्याही क्लबला विचारा की एका बोलरला किती ओव्हर देता, खालच्या पाचांचं काय करता, आणि अंपायर कोण असतो.

अपडेट: हेल्मेट आली, तीन साइझची, मुलांनी घालून बघितली, बसतात. वॉर्मअप दादांनी स्वतःकडे घेतलाय. हलक्या बॉलचं अजून काही झालेलं नाही, तिसऱ्यांदा लिहून दिलंय.