शिकारी पक्षी बघायला ड्रायव्हरसकट भाड्याची गाडी : निफाड, नांदूरमध्यमेश्वर, ममदापूर (एक दिवसाचा अनुभव)

बाबांचे गुडघे आता फार चालू देत नाहीत, त्यामुळे यंदा कोजागिरी झाल्यावर ठरवलं की पक्षी बघायचे ते गाडीत बसूनच. घार, गरुड, ससाणे, भोवत्या (इंग्रजीत हॅरियर, गवतावरून खालून उडत भक्ष्य शोधणारा शिकारी पक्षी) यांच्यासाठी ते बरंच पडतं खरं तर, कारण हे पक्षी तारेवर, खांबावर नाहीतर उघड्या माळावर दिसतात आणि गाडीला फारसे बिचकत नाहीत, पण दार उघडून माणूस खाली उतरला की लगेच उडतात.

नाशिकरोडच्या एका छोट्या ट्रॅव्हल्सवाल्याकडून गाडी घेतली. तक्रारही लिहायची आहे म्हणून नाव देत नाही. दिवसाचे ३,२०० रुपये, २५० किलोमीटरपर्यंत, टोल नव्हता.

आधी तक्रार. फोनवर तीनदा सांगितलं होतं की मागच्या काचा पूर्ण खाली जाणारी गाडी पाठवा, हो हो म्हणाले आणि आली ती अर्धीच काच उतरणारी, शिवाय साडेपाचला येणार होती ती सव्वासहाला आली. सकाळचा तो पाऊण तास फार महागाचा असतो हो. शेवटी बाबांना पुढे बसवलं, मी मागे अर्ध्या काचेवर दुर्बीण टेकवून दिवस काढला, मान अजून दुखतेय. फोन करून सांगितल्यावर मालकांनी २०० रुपये कमी केले, तेवढं मात्र चांगलं केलं.

पण ड्रायव्हर काका! त्यांच्यासाठीच हे सगळं लिहितेय. पक्ष्यांतलं त्यांना काही माहीत नव्हतं, पण गाडी कशी थांबवायची ते एकदा सांगितलं आणि त्यांनी ते दिवसभर पाळलं. करकचून ब्रेक नाही, हॉर्न नाही, लांबूनच वेग कमी करत यायचं, आरशात मागचं बघून कडेला घ्यायचं आणि शेवटचे वीस-पंचवीस फूट इंजिन जवळजवळ ऐकूच येणार नाही असं सरकवायचं.

चांदोरी सोडल्यावर द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी चालू होती, वेली अगदी बोडक्या, तारा आणि अँगल सगळे उघडे, आणि तिथेच एका अँगलवर कापशी, म्हणजे ती छोटी पांढुरकी-राखाडी घार, बसली होती. पायाखाली उंदीर दाबून धरलेला. काकांनी गाडी बरोबर समोर आणून इंजिन बंद केलं. कापशीने एकदा आमच्याकडे बघितलं, ते लालभडक डोळे, आणि परत खाली मान घालून उंदराचं मांस ओढून ओढून खायला लागली, प्रत्येक वेळी खांद्यावरचा काळा पट्टा हलायचा. आठ मिनिटं. बाबा एक शब्द बोलले नाहीत, काकांनी तर स्टीअरिंगवरचा हातसुद्धा हलवला नाही. सोयाबीन काढून झालं की रानातले उंदीर उघडे पडतात, म्हणून हे दिवस कापशीचे. ज्यांच्या बागा आहेत त्यांना कळकळीची विनंती, उंदरांना औषध घालायच्या आधी या पक्ष्याचा विचार करा, विष खाल्लेला उंदीर त्याच्या पोटात जातो.

नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात गर्दी होती. २०२० मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर साइट (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झाल्यापासून नाव बरंच झालंय, पण बहुतेक लोक बदकं बघायला येतात. आम्ही मात्र पाणकणसाकडे डोळे लावून बसलो. सगळे वारकरी, म्हणजे ते काळे पाणपक्षी, कूट हो, एकदम पाणी उडवत पळाले की समजायचं दलदली भोवत्या आला. मादी होती, गडद तपकिरी, डोकं फिकट साईच्या रंगाचं, पंख इंग्रजी व्हीसारखे उचलून अगदी गवताला टेकून चाललेली. तीन फेऱ्या मारल्या, हाती काही लागलं नाही.

तिथून येवल्यावरून ममदापूर. रस्त्याच्या कडेने मका वाळत घातलेला, काकांनी एक दाणाही चिरडू दिला नाही. लोक येतात काळवीट बघायला, पण आम्हाला हवे होते माळावरचे भोवते, जे थंडीसाठी मध्य आशियाकडून येतात आणि रात्री चक्क जमिनीवर, गवतात झोपतात. ऊन उतरल्यावर एक पांढुरका भोवत्या नर आला, इतका फिकट की लांबून समुद्रपक्षी वाटावा, पंखांच्या टोकाला फक्त काळी पाचर. मागोमाग दोन तपकिरी माद्या, त्या पांढुरक्या भोवत्याच्या की माँटेग्यू नावाच्या दुसऱ्या भोवत्याच्या ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. तेवढ्यात एक गाडी फोटोसाठी सरळ गवतात घुसली आणि तिन्ही पक्षी लांब निघून गेले. फार राग आला. आमचे काका म्हणाले, "ताई, आपण डांबर सोडायचं नाही, परत येतील ते." वीस मिनिटांनी नर खरंच परत आला. बाबांनी तो दुर्बिणीशिवाय बघितला.

परतताना येवल्यात मी काकांना संक्रांतीचं विचारलं, तिथली पतंगबाजी तर प्रसिद्धच, ते म्हणाले त्यांचा नातू पण उडवतो. नायलॉन मांज्याने घारींचे पंख कसे कापतात ते बाबांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं, यंदा साधा दोराच आणून देतो म्हणाले. विंचूरच्या पुढे अंधारायला लागल्यावर त्यांनी आपणहून गाडी हळू केली, खांबावर शिक्रा, म्हणजे छोटा शिकारी पक्षी, होता, आमच्या दोघांच्याही नजरेतून सुटलेला.

गाडीला पाचपैकी तीन, काकांना पाच. तुम्ही कुठूनही गाडी घ्या, पण मागची काच पूर्ण उतरते का त्याचा व्हिडिओ आधी व्हॉट्सॲपवर मागवा, आणि काचांना काळी फिल्म नको. नोव्हेंबरात अंजनेरीला जायचंय, बाबांना कड्यावरची लांब चोचीची गिधाडं बघायचीत. ट्रॅव्हल्सवाल्याला सांगून ठेवलंय, तारीख काकांना जमेल तीच.