कडुनिंबाचं तेल: एक हंगाम पऱ्हाटीवर वापरल्यानंतर

आमचं वावर मूर्तिजापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या भागात. यंदा पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, दोन तेलं वापरली: घाणीवरून काढून आणलेलं, आणि कृषी केंद्रातलं बाटलीबंद, १५०० पीपीएमचं (याचा अर्थ पुढं सांगतो).

घाणीची पहिली कॅन जुलैअखेर फवारली. चार-पाच दिवसांत तुडतुडे कमी झाले. ऑगस्टमध्ये त्याच घाणीवरून दुसरी आणली. रंग तोच, वास तर पहिलीपेक्षा उग्र, पण तुडतुड्यांनी पानांच्या कडा लाल पडतच गेल्या. ऑगस्टात किडीचा जोर जास्त असतो हे धरलं तरी फरक फार होता. विचारल्यावर कळलं, पहिल्या तेलाच्या निंबोळ्या पावसाआधी वेचून सावलीत वाळवलेल्या होत्या. दुसऱ्या खेपेच्या ओल्याच पोत्यात भरल्या होत्या, त्यांना बुरशी आली होती.

आपण सगळे तेल वासावरून जोखतो आणि तिथंच फसतो. तो उग्र वास गंधकाच्या संयुगांचा. किडीचं खाणं थांबवणारं आणि तिची कात अडवणारं मुख्य द्रव्य वेगळं, ॲझाडिरॅक्टिन. १९६८ साली ते निंबोळीतून वेगळं काढलं गेलं. झाड कोणतं, निंबोळी किती पिकली, कशी वाळवली, किती दिवस ठेवली, यावर त्याचं प्रमाण बदलतं. शिवाय घाणीत ते पूर्ण तेलात उतरत नाही, बरंचसं ढेपेतच राहतं. म्हणून ‘शंभर टक्के शुद्ध’ तेलातही ते नावापुरतंच असू शकतं.

बाटलीवर १५०० पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत १५०० भाग ॲझाडिरॅक्टिन, ०.१५ टक्के. ३०० आणि १०,००० पीपीएमचीही मिळतात. प्रत्येकाची मात्रा वेगळी, म्हणून लेबल वाचल्याशिवाय पंपात ओतू नका. मी लिटरभर पाण्याला ५ मिली, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ७५ मिली टाकलं. बाटलीच्या तेलाचा भरवसा घाणीच्या तेलापेक्षा नक्कीच जास्त. तरी एक बाटली मला जुन्या तारखेची मिळाली, दुकानाबाहेर उन्हात मांडलेली. ती मी परत केली. हे द्रव्य ऊन आणि उष्णतेनं मोडतं, म्हणून उत्पादनाची तारीख बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. फवारणीही मी संध्याकाळीच करतो.

आमच्याकडं खरी अडचण पाण्याची. विहिरीचं पाणी पट्टी बुडवून पाहिलं तर सामू (पीएच) आठच्या वर, म्हणजे पाणी अल्कधर्मी. अशा पाण्यात ॲझाडिरॅक्टिन लवकर निकामी होतं, आणि तेल मिसळायला आपण धुण्याची पावडर घालतो, ती त्यात आणखी भर टाकते. सप्टेंबरपासून मी शेततळ्यातलं पावसाचं पाणी घेतो, घाणीच्या तेलासाठी पावडरऐवजी रिठ्याचं पाणी वापरतो आणि द्रावण लगेच संपवतो. त्यानंतर बाटलीच्या तेलाचा गुण स्पष्ट दिसला. पांढरी माशी आटोक्यात राहिली. पण बोंडअळी बोंडात शिरल्यावर हे तेल काही करत नाही, तिथं आशा ठेवू नका.

उरलेलं घाणीचं तेल डिसेंबरच्या थंडीत गोठलं. ती भेसळ नव्हे. कोमट पाण्यात कॅन ठेवली की पातळ होतं. बैलाच्या खांद्याला सूज होती, तिथं तेच लावतो. लहान लेकराला मात्र हे तेल तोंडानं अजिबात देऊ नका. जुनी माणसं थेंबभर द्यायला सांगतात, पण तान्ह्या मुलांना त्यातून गंभीर विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत.

येत्या जूनमध्ये धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) निंबोळ्या मी स्वतः वेचणार आहे. सावलीत वाळवून, बियांच्या आतल्या ५ किलो गराला १०० लिटर पाणी या हिशेबानं लागेल तेव्हा ताजा अर्क काढणार.