एमजीबीचे टायर बदलताना: १६५ की १८५?

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे टायर बदलायची वेळ आली की गाडं शेवटी दोन मापांवर येऊन अडतं. एक म्हणजे हँडबुकातलं १६५ एसआर १४, ज्याला आज १६५/८० आर १४ म्हणतात (१६५ मिलिमीटर रुंदी, बाजूची उंची तिच्या ८० टक्के, १४ इंची रिम). दुसरं १८५/७० आर १४. दोन्ही टायर गाडीत बसतात, दोन्हींचे चाहते आहेत आणि दोन्ही बाजूंना थोडंफार खरं आहे.

बाकीचे पर्याय आधी बाजूला काढू. १९५/६० आर १४ दिसायला झकास, पण त्याचा परिघ १६५ पेक्षा जवळपास ५ टक्के कमी. म्हणजे स्पीडोमीटर फुगवून सांगणार, टॉप गिअरमध्ये इंजिन उगाच ओरडणार आणि आधीच खाली लोंबणारा एक्झॉस्ट जमिनीच्या आणखी १५ मिलिमीटर जवळ जाणार. शिवाय या टायरला किमान साडेपाच इंची रिम लागते आणि गाडीबरोबर येणारी रोस्टाइल ही स्टीलची चाकं आहेत पाच इंचांची. इथेच विषय संपला. १९६२ च्या सुरुवातीच्या गाड्यांवर ५.६०-१४ क्रॉसप्लाय (आडव्या-तिरक्या धाग्यांचे जुन्या पद्धतीचे टायर) होते. प्रदर्शनात उभ्या राहणाऱ्या गाडीला ते शोभतात, पण रस्त्यावर डांबराचा प्रत्येक चर स्टिअरिंग आपल्याकडे ओढतो. घ्यायचेच असतील तर पाचही क्रॉसप्लाय घ्या. पुढे रेडियल (आजचे नेहमीचे टायर) आणि मागे क्रॉसप्लाय ही जोडी तर कधीच नको, कारण वळणावर मागची बाजू आधी सुटते.

एक सापळा मात्र नीट पाहून घ्या. '१६५ आर १४ सी' असं लिहिलेला टायर माप बरोबर असल्यामुळे हमखास पुढे केला जातो. तो 'सी' व्हॅनचा आहे. माल वाहण्यासाठी आणि जास्त हवेसाठी बनवलेली त्याची जाड बाजू एमजीबीच्या वजनाला दबतच नाही. गाडी खडखडते आणि ओल्यात पकडही बेताचीच मिळते.

आता मुख्य जोडी. १८५ ची बाजू कमकुवत नाही. हे माप सहज मिळतं, चालू बनावटीचं असतं, आधुनिक रबरामुळे पावसात ब्रेक चांगले लागतात आणि चाकाची कमान भरलेली दिसते. बाहेरचा व्यास १६५/८० पेक्षा जेमतेम ५ मिलिमीटरने कमी, त्यामुळे स्पीडोमीटरची काळजी नाही. साडेपाच इंची ७२ स्पोकच्या वायर व्हीलवर तो अगदी घरच्यासारखा बसतो.

अडचण अरुंद रिमवर सुरू होते. १८५/७० ला साडेचार ते सहा इंच रिम चालते. जुनी चार इंची स्टीलची डिस्क चाकं त्यातून बादच, आणि साडेचार इंची ६० स्पोकची वायर व्हील अगदी काठावर. काठावरच्या रिमवर टायर फुगीर बसतो, बाजू आतल्या अंगाला ओढली जाते आणि वळताना टायर रिमवर डोलतो. स्टिअरिंग फिरवल्यावर गाडीचं नाक वळायला क्षणभर उशीर होतो तो यामुळे. १६५/८० ला चार ते साडेपाच इंच चालतात, म्हणजे एमजीबीबरोबर आलेली कुठलीही मूळ रिम.

मागच्या कमानीत घासण्याचा प्रकारही १८५ च्याच वाट्याला येतो. या गाड्यांचा मागचा अॅक्सल बॉडीच्या अगदी मधोमध क्वचितच असतो, त्यामुळे एका बाजूला बोटभर जागा उरते आणि दुसरीकडे टायर कमानीच्या आतल्या दुमडीला लागतो. दोन माणसं बसवून, टाकी भरून, कमानीच्या दुमडीवर ओल्या खडूची रेघ ओढा आणि गतिरोधकावरून गाडी तिरकी न्या. खडू टायरवर उतरला तर दुमड आत वाकवावी लागेल. रंग न तडकता ती वाकवणं किती किचकट असतं हे ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक आहे.

पण माझ्या दृष्टीने निकाल लावणारी गोष्ट वेगळी आहे. पार्किंगमध्ये जड होणारं स्टिअरिंग.

एमजीबीचा कॅस्टर, म्हणजे पुढचं चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, सात अंशांचा आहे. सरळ रस्त्यावर गाडी आपोआप सरळ धावते ती त्याच्यामुळे. त्याची किंमत उभ्या गाडीत चाकं वळवताना मोजावी लागते. पॉवर स्टिअरिंग नाही, आणि टायर जितका रुंद तितकं रबर जागच्या जागी जास्त घासत फिरतं. १६५ वर गाडी जरा सरकती ठेवली की काम भागतं. १८५ वर दोन्ही हात लागतात, खांद्यात जोर येतो आणि अरुंद गल्लीत गाडी वळवायची म्हटलं की आधीच कंटाळा येतो. मग बहुतेक जण करतात ते असं: १६५ साठी हँडबुकात पुढे २१ आणि मागे २४ पीएसआय दिलेलं असतं, ते वाढवत वाढवत २८-३० वर नेतात. स्टिअरिंग हलकं होतं, पण पुढच्या एकेका चाकावर वजन अडीचशे किलोच्या आसपास आणि टायर ५६० किलो पेलणारा (लोड इंडेक्स ८८). एवढी हवा भरली की तो दगड होतो. मधली पट्टी आधी झिजते, जुने लीव्हर-आर्म डॅम्पर (शॉक अब्सॉर्बर) प्रत्येक खड्डा जसाच्या तसा वर पाठवतात आणि ओल्यातली जी पकड मिळावी म्हणून १८५ घेतला तिच्यातलाच थोडा हिस्सा हातचा जातो. २४-२६ वर थांबलात तर तडजोड बरी आहे, पण पार्किंगचा जडपणा पूर्ण जात नाही. कॅस्टर पाच अंशांवर आणणाऱ्या पाचरी मिळतात. त्यांनी फरक नक्की पडतो, मात्र त्यासाठी पुढचा क्रॉसमेंबर (पुढचं सस्पेन्शन धरणारा आडवा सांगाडा) सैल करावा लागतो. टायरपायी इतकं करायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

टायरला दोष देण्याआधी दोन गोष्टी मात्र तपासाच. किंग पिनना (पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या खिळ्यांना) ग्रीस भरताना चाकं जमिनीवरून उचललेली हवीत, नाहीतर ग्रीस दाबाखालच्या पृष्ठभागापर्यंत पोचत नाही. टो-इन, म्हणजे पुढची चाकं पुढच्या टोकाला जितकी आत वळलेली असतात तो फरक, १.५ ते २.३ मिलिमीटर असावं. त्यात गडबड असेल तर १६५ सुद्धा जड वाटेल.

१६५ मध्येही दोन वाटा आहेत. जुन्या नक्षीचे टायर अजून बनतात, जसे पिरेलीचा चिंतुराटो किंवा १९६५ मध्ये आलेला मिशेलिनचा एक्सएएस, ज्याची नक्षी दोन्ही बाजूंना वेगवेगळी आहे. त्यांच्या बाजू मुद्दाम मऊ ठेवलेल्या असतात. पकड सुटायच्या आधी गाडी सांगते, हळूच सरकते, आणि हे हातांना आणि बुडाला स्पष्ट कळतं. ते महाग आहेत, साध्या १८५ च्या कितीतरी पट. दुसरी वाट म्हणजे टी रेटिंगचा साधा आधुनिक १६५/८०. ताशी १९० किलोमीटरची मर्यादा या गाडीला पुरून उरते. तो थोडा मुका वाटतो, पण गैरसोयीचा नाही.

आकड्यांवर विश्वास असणाऱ्यांची इथे जरा पंचाईत होते. युरोपातलं ओल्या पकडीचं लेबल १ ऑक्टोबर १९९० आधी नोंदलेल्या गाड्यांसाठीच बनवलेल्या टायरना लागू नाही. त्यामुळे जुन्या नक्षीचा टायर आणि आधुनिक १८५ लेबलवर शेजारी ठेवून पाहता येत नाहीत. मुसळधार पावसात हायवेवर बराच वेळ गाडी चालवणाऱ्याने १८५ घेतला तर मी वाद घालणार नाही, विशेषतः रिम साडेपाच इंची असेल तर. बाकीच्यांसाठी १६५ जास्त सुखाचा वाटतो. बजेट असेल तर जुन्या नक्षीचा, नसेल तर साधा.

वायर व्हील असतील तर बसवणाऱ्याच्या शेजारी उभं राहा. स्पोकच्या भोकांतून हवा जाते म्हणून ट्यूब हवीच, आणि ती त्याच मापाची. आधी स्पोकची टोकं रिमच्या वर आलेली असतील तर कानशीने घासून घ्या आणि नवी रिम टेप लावा. टायरच्या आत चिकटवलेला बारकोडचा कागद खरवडून काढा. तो राहिला तर ट्यूबला घासून भोक पाडतो आणि हवा हळूहळू न जाता भसकन जाते. आतून टाल्क पावडर लावा. थोडी हवा भरून सोडा आणि मग पूर्ण भरा, म्हणजे ट्यूबच्या घड्या निघतात.

बॅलन्सिंगच्या वेळी मशीनचा साधा शंकू थेट स्प्लाइनच्या (चाकाच्या मधल्या दातेरी भोकाच्या) तोंडात घालू देऊ नका. चाक हबवर दोन टेपरांवर (निमुळत्या पृष्ठभागांवर) बसतं, मशीनवरही तसंच बसायला हवं. नाहीतर पडद्यावर शून्य दिसेल आणि ताशी १०० वर स्टिअरिंग थरथरेल.

टायरच्या बाजूवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे वाचून घ्या: २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. या गाड्यांचे टायर झिजण्याआधीच कडक होतात, त्यामुळे गोदामात पडून राहिलेला 'नवा' टायर नको. स्टेपनीसह पाचही एकाच वेळी घ्या आणि पहिले दोन-तीनशे किलोमीटर जरा सांभाळून चालवा, कारण साच्यातून आलेला बुळबुळीतपणा पृष्ठभागावरून जायला तेवढं अंतर लागतं. नॉक-ऑन नट (वायर व्हील मधोमध धरणारे, ठोकून बसवायचे नट) पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा ठोकून घ्या.