तीन गेम, दोन भारी आणि एक डोक्याला ताप

सेलेस्ट आधी. २०१८ चा प्लॅटफॉर्मर आहे, म्हणजे उड्या मारत पुढे जायचा गेम, मॅडेलीन नावाची एक मुलगी डोंगर चढते, बस, गोष्ट एवढीच. पण कंट्रोल काय बनवलेत राव! मॅडेलीनचे केस लाल असले की डॅश (एका झटक्यात मारायची झेप) शिल्लक आहे, निळे झाले की संपला, म्हणजे स्क्रीनच्या कोपऱ्यात मीटर बघत बसायची भानगडच नाही. आणि कड्यावरून पाय सुटल्यावरही अगदी क्षणभर उडी मारता येते, हे कळतसुद्धा नाही, आपल्याला वाटतं आपणच लई भारी खेळतोय. मेलात की लगेच त्याच स्क्रीनवर परत उभे, त्यामुळे शंभरदा मेलो तरी चिडायला वेळच मिळाला नाही. फारच अडलं तर असिस्ट मोड आहे, म्हणजे गेम सोपा करून घ्यायची सोय, लाजू नका.

स्टारड्यू व्हॅली एकदम उलट, निवांत शेती करायचा गेम. एरिक बॅरोनने एकट्याने बनवलाय, संगीतासकट. २०१६ ला आला. झोपायच्या आधी फक्त पिकांना पाणी घालतो म्हणून बसलो आणि घड्याळ बघितलं तर पहाटेचे तीन. फिशिंग मात्र सुरुवातीला वैताग, माशावर धरून ठेवायचा तो हिरवा पट्टा हातात राहतच नाही.

आता तिसरा, मोबाईलवरचा एक फुकट कार रेसिंग, नाव नाही घेत. गाड्या दिसतात झकास, पण तीन रेस झाल्या की पेट्रोल संपतं, मग थांबा नाहीतर जाहिरात बघा, आणि जाहिरात कशाची, तर दुसऱ्या रेसिंग गेमची! काढून टाकला.