१०८ ची गाडी : खेड्यातून बोलावताना

इंग्लंडमध्ये लोकांच्या देणग्यांवर हेलिकॉप्टर रुग्णवाहिका चालतात. पहिली १९८७ साली कॉर्नवॉलमध्ये सुरू झाली. हेलिकॉप्टरच्या वेगाइतकाच तिथे शेतात उतरणारा डॉक्टर कामी येतो. आपल्याकडच्या विमान-रुग्णवाहिकेला धावपट्टी लागते, भाडं लाखांत जातं आणि धावपट्टीपर्यंत रुग्णाला न्यायला पुन्हा गाडीच. म्हणून विदर्भातल्या धारणी, एटापल्ली किंवा आर्णीच्या माणसाचा खरा आधार १०८, म्हणजे या नंबरवर फोन केला की येणारी सरकारी रुग्णवाहिका.

२०१४ मध्ये ही सेवा सुरू झाली तेव्हा राज्यात ९३७ गाड्या ठरल्या होत्या : २३३ एएलएस (जास्त सोयींची मोठी गाडी) आणि ७०४ बीएलएस (मूलभूत सोयींची). पैसे लागत नाहीत, गाडीत डॉक्टर असतो. पूर्ण गुण याच गोष्टीला. एएलएसमध्ये व्हेंटिलेटर आणि हृदयाला झटका देणारं यंत्र असतं. बीएलएसमध्ये ऑक्सिजन, घशातला स्राव ओढणारं सक्शन, हातानं दाबून श्वास देणारी अँबू बॅग. मोठ्याच गाडीचा हट्ट धरून जवळची परत पाठवू नका. बाळंतपणासाठी १०२ वेगळी आहे.

घोळ होतो तो पत्त्यात. फोन पुण्यात उचलला जातो, आणि पिंपरी, वडगाव नावाची गावं तर तालुक्या-तालुक्यात. म्हणून आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग डांबरी रस्त्यावरचा फाटा. 'मारुतीच्या देवळामागं' हे तिकडे कुणाला कळणार? फोन ज्याच्या हातात त्यानं रुग्णापाशीच थांबावं, दुसऱ्यानं मोटारसायकल घेऊन फाट्यावर उभं राहावं. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदण रस्त्यावर ही गाडी रुतते आणि मग तिलाच ट्रॅक्टरनं ओढावं लागतं. रुग्णाला बंडीवर किंवा खाटेवर डांबरीपर्यंत आणलेलं बरं. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा रस्ताच बंद. तिथे कुठलीच गाडी काय करणार?

गाडी येईपर्यंतचं काम घरच्यांचं. फवारणीची विषबाधा असेल तर भिजलेले कपडे काढा, साबणानं अंग धुवा, उलटी करवू नका आणि औषधाचा डबा लेबलसकट सोबत द्या. अ‍ॅट्रोपिन हे उताऱ्याचं इंजेक्शन चालेल की नाही ते लेबलवरून ठरतं. साप चावला तर चिरा नको, आवळून बांधणं नको, हात-पाय काठीला टेकवून स्थिर ठेवा. रात्री जमिनीवर झोपलेल्याला पहाटे पोटात दुखलं आणि पापण्या जड झाल्या तर मण्यार समजून चला. चावल्याची खूण शोधत बसू नका. या रुग्णाचा श्वास वाटेत थांबू शकतो, हे फोनवरच सांगा.

मात्र 'रेफर'च्या वेळी, म्हणजे एका दवाखान्यातून पुढच्या मोठ्या रुग्णालयात पाठवताना, ही सेवा उघडी पडते. पहिल्या दवाखान्यापर्यंत चांगली, पुढं चिठ्ठीवर अवलंबून. चिठ्ठीत चावल्याची वेळ, सर्पविषाच्या लसीच्या किती कुप्या गेल्या (सुरुवात साधारण ८ ते १० नं होते), शेवटचं इंजेक्शन किती वाजता, एवढं नसेल तर नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात सगळं पहिल्यापासून विचारलं जातं. तोंड वाकडं, एक हात लुळा (लकवा) असेल तर सीटी स्कॅन नसलेल्या ग्रामीण रुग्णालयात थांबण्यात अर्थ नाही. गुठळी विरघळवणारं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देतात. छातीतल्या कळेचं उलट : जवळ ईसीजी काढून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देणारं रुग्णालय असेल तर आधी तिथेच.

लांबच्या प्रवासाआधी ऑक्सिजनचा काटा बघायला लावा. बी टाइप सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर असतो. मिनिटाला १० लिटर सोडला तर भरलेलं अडीच तास, अर्धं असेल तर सव्वा तास. धारणीहून अमरावती घाटानं दीडशेच्या आसपास किलोमीटर पडते. डॉक्टरांना हे विचारलं म्हणून कुणी रागावत नाही. दुसरं सिलिंडर गाडीत आहे का ते निघण्याआधीच विचारा, वाटेतल्या परतवाड्यात पोचून नव्हे.