परळचं बैलघोडा हॉस्पिटल: लघवी अडलेल्या बोक्यासाठी

नर बोका रेतीच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, कुंथतोय आणि ट्रे कोरडाच राहतोय, असं दिसलं तर उद्यावर ढकलू नका. मुंबईत कुठे न्यायचं असं मला कुणी विचारलं तर मी परळ सांगते. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल, म्हणजे आपलं बैलघोडा. 1880च्या दशकापासून ते तिथे आहे. 1886 साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालयही त्याच आवारात.

माझी नोकरी केईएममध्ये सिस्टर म्हणून झाली. त्यामुळे कुठल्याही दवाखान्यात गेले की आधी लक्ष जातं ते तिथल्या हातांकडे.

आमचा बंड्या अंगाने भरलेला, घरातच राहणारा, पाकिटातले कोरडे दाणे खाणारा आणि पाणी जेमतेम पिणारा. हा त्रास बहुतेक अशाच बोक्यांना होतो. मांजरीची मूत्रनलिका आखूड आणि रुंद असते. बोक्याची टोकाकडे इतकी निमुळती होते की चिकट स्राव आणि खड्यांची बारीक कच यांचा बोळा तिथे सहज अडकतो. घराजवळच्या एका दवाखान्यात पोटाला हातही न लावता बद्धकोष्ठाचं औषध दिलं होतं. संध्याकाळी बंड्याने उलटी केली आणि कपाटाखाली जाऊन बसला. तशीच टॅक्सी केली.

परळला एका तरुण डॉक्टर मुलीने त्याला टेबलावर घेतलं आणि पहिल्यांदा पोट चाचपलं. मूत्राशय मोसंबीएवढं, टणक. मग छातीला स्टेथोस्कोप लावला आणि तिचा चेहरा बदलला. एवढ्या घाबरलेल्या बोक्याचे ठोके धावायला हवेत, याचे मंदावले होते. लघवी अडली की रक्तात पोटॅशियम साठतं आणि ते हृदय थांबवू शकतं. "काकी, ब्लॉक आहे. इथे सही करा, बाकीचं मागून सांगते," एवढंच ती बोलली.

नळी घालायची घाई तिने केली नाही. आधी शीर धरली, सलाईन लावलं, ठोके ऐकत ऐकत कॅल्शियम ग्लुकोनेट अगदी सावकाश दिलं. त्याने पोटॅशियम कमी होत नाही, पण तेवढा वेळ हृदयाला संरक्षण मिळतं. किडनीच्या पेशंटना आम्हीही हेच द्यायचो. ठोके सुधारल्यावरच गुंगी, आणि मग सलाईनच्या पिचकारीने बोळा मागे ढकलत कॅथेटर आत. पहिली लघवी लालभडक आली. कॅथेटर टाक्याने पक्का करून बंद पिशवीला जोडला आणि किती सलाईन गेलं, किती लघवी आली याची नोंद सुरू झाली. अडथळा निघाल्यावर कधी कधी लघवी इतकी होते की शरीर कोरडं पडतं, म्हणून हा हिशेब लागतो. तो कागद पाहिला आणि मी निश्चिंत झाले.

बाकावर माझ्या शेजारी एक गृहस्थ बोकड घेऊन बसले होते. ईदसाठी दाणा घालून पोसलेला, आणि दुखणं तेच. बोकडाच्या लिंगाच्या टोकाला दोऱ्यासारखा बारीक भाग असतो, खडा बहुधा तिथेच अडकतो. तेवढाच कापला की काही बोकडांची लघवी लगेच सुटते. खडा वर असेल तर मात्र मोठं ऑपरेशन.

माझ्या मुलाचं म्हणणं होतं, बंड्याचंही एकदाचं ऑपरेशन करून टाका. डॉक्टरांनी नाही म्हटलं. आधी खाणं बदला, ओलं अन्न द्या, पाणी वाढवा, वजन उतरवा. खडे स्ट्रुव्हाइटचे असतील तर खास आहाराने विरघळतात, ऑक्झॅलेटचे विरघळत नाहीत. पैसे मिळत असताना चाकू खाली ठेवणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसतो.

पावसाळ्यात बंड्या पुन्हा अडला, तेव्हा त्यांनीच ऑपरेशन सुचवलं. पेरिनिअल युरेथ्रॉस्टॉमी. टोकाकडचा अरुंद भाग काढतात आणि आतली रुंद नलिका गुदद्वाराखाली त्वचेला शिवून नवी वाट करतात. टाके इतके बारीक आणि एकसारखे होते की मी चष्मा लावून दोनदा पाहिले. मूत्राशयात खडे यानंतरही होऊ शकतात आणि जंतुसंसर्गाचा धोका उलट वाढतो, हे त्यांनी ऑपरेशनच्या आधीच स्पष्ट सांगितलं होतं. जखम भरेपर्यंत ट्रेमध्ये रेतीऐवजी वर्तमानपत्राचे तुकडे घालायचे, नाहीतर रेती टाक्यांना चिकटते. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घातलेली कॉलर त्याने कितीही ओरडा केला तरी काढायची नाही.

बंड्या आता धार सोडतो. तो आवाज ऐकला की मी हातातलं काम थांबवते.

जाणार असाल तर टोपलीवर चादर टाका, बाहेर कुत्री असतात आणि मांजर बिथरतं. घरी पोट दाबून लघवी काढायला जाऊ नका, ताणलेलं मूत्राशय फुटू शकतं. आणि दुखतंय म्हणून क्रोसिन तर अजिबात नको. पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे. शेवटची लघवी कधी झाली ती वेळ लिहून न्या, डॉक्टर सगळ्यात आधी तेच विचारतात.