डी-मार्टमधील महिन्याचा किराणा: बिलावरची बचत आणि घरची बचत

डी-मार्टच्या बिलाच्या शेवटी छापील किमतीच्या तुलनेत किती रुपये वाचले याचा आकडा दिलेला असतो आणि बहुतेक घरांत पिशव्या रिकाम्या होण्याआधी तोच वाचला जातो. आकडा खरा असला तरी तो जसाच्या तसा घरची बचत म्हणून धरता येत नाही, कारण कोपऱ्यावरचा वाणीही साबण किंवा तेल पुष्कळदा छापील किमतीपेक्षा कमी दराने देतो आणि सुट्या डाळीला व शेंगदाण्यांना तर छापील किंमतच नसते. त्यामुळे पुण्यातील आमच्या चार माणसांच्या घराचा किराणा येथून भरताना मी प्रत्येक जिन्नसाची तुलना वाण्याच्या दराशी करत आलो असून हे परीक्षणही त्याच आधारावर लिहिले आहे.

येथील दर कमी असण्यामागे जादू नाही. २००२ साली पवईला पहिले दुकान सुरू झाल्यापासून कंपनीने भाड्याच्या जागांपेक्षा स्वतःच्या मालकीच्या जागांवर भर दिला, सजावटीवर फारसा खर्च केला नाही आणि पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते करून त्यांच्याकडून चांगला दर मिळवला. याचा लाभ सर्वाधिक दिसतो तो साबण, टूथपेस्ट, चहा, बिस्किटे आणि भांडी घासण्याचा साबण अशा बंद वेष्टनातील नेहमीच्या वस्तूंमध्ये. यांतील न नासणाऱ्या वस्तू दोन महिन्यांच्या एकदम घेतल्या तरी नुकसान होत नाही, आणि या गटात आमच्या वाण्याला डी-मार्टच्या दराच्या जवळपासही येता येत नाही.

तेलाच्या बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. एक लिटर खाद्यतेल साधारण ९१० ग्रॅम भरते. परंतु फडताळावर शेजारीशेजारी ठेवलेल्या, आकाराने सारख्याच दिसणाऱ्या पिशव्यांपैकी एखादीवर ८५० ग्रॅम किंवा त्याहूनही कमी वजन बारीक अक्षरांत छापलेले असते आणि स्वस्त वाटलेली पिशवी नेमकी तीच निघते. वेष्टनावर एककाचा दर दिलेला असतो खरा, पण तो छापील किमतीवरून काढलेला असतो, दुकानाच्या सवलतीच्या दरावरून नव्हे. शिवाय किलोपेक्षा लहान पाकिटावर तो ग्रॅममागे आणि मोठ्यावर किलोमागे असतो. तेव्हा मोबाइलवर भागाकार करणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

धान्याच्या बाबतीत माझे मत डी-मार्टच्या विरुद्ध जाते. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या बंद व लेबल लावलेल्या तांदूळ, गहू, पीठ आणि डाळींवर ५ टक्के जीएसटी आहे. सुट्या धान्यावर किंवा ३० किलोच्या पोत्यावर तो नाही. ज्यांच्या घरी कोठीला जागा आहे आणि उन्हाळ्यात गहू वाळवून भरण्याची सवय अजून टिकून आहे, त्यांनी साठवणीचे धान्य भुसार बाजारातूनच घ्यावे. तिथे दाणा हातात घेऊन पाहता येतो, ही सोय वेगळीच.

आता इंधनाचा हिशेब, जो बिलावर कुठेच येत नाही. दुकान घरापासून आठ किलोमीटर असेल तर जाऊन-येऊन सोळा किलोमीटर होतात, शहराच्या गर्दीत मोटार त्यासाठी लिटरभर किंवा थोडे अधिक पेट्रोल घेते, आणि लिटरचा दर शंभराच्या पुढे गेल्याला आता बराच काळ लोटला आहे. महिन्यातून एकदाच जाऊन सगळा किराणा भरला तर हा खर्च सहज पचतो. पण संपलेल्या चार वस्तूंसाठी मधल्या आठवड्यात पुन्हा गाडी काढली की बचतीचा मोठा भाग पेट्रोल पंपावर जमा होतो. क्रेडिट कार्डावरची इंधन अधिभार माफीही यात फारशी मदत करत नाही, कारण कार्ड वापरल्याबद्दल वाढवलेली रक्कमच ती परत देते, पेट्रोल स्वस्त करत नाही. कामावरून परतताना वाटेत दुकान लागत असेल तर उत्तम. नाहीतर डी-मार्ट रेडी या कंपनीच्याच ऑनलाइन सेवेवरून मागणी नोंदवून घरपोच शुल्क आणि पेट्रोल यांपैकी काय स्वस्त पडते ते पाहावे.

रविवारी संध्याकाळी आणि पगाराच्या आठवड्यात पैसे देण्याच्या रांगा लांबतात, त्यामुळे कामाच्या दिवशी सकाळी लवकर जाणे सोयीचे. यादी हातात असावी आणि डबे, बादल्या, चादरी यांच्या विभागाकडे न वळताच बाहेर पडावे. कंपनीला किराण्यापेक्षा अधिक नफा त्याच मालावर मिळतो.

वेष्टनातील वस्तूंसाठी मी या दुकानाला पाचपैकी साडेचार गुण देईन, धान्य-कडधान्यासाठी तीन. घर दहा किलोमीटरपेक्षा लांब असेल आणि रस्ता नेहमीचा नसेल, तर महिन्याचा किराणा वाण्याकडूनच भरावा. एकगठ्ठा यादी दिली की तोही दर कमी करतो आणि पोऱ्याबरोबर सामान घरी पाठवतो.